एक्केचाळीस मिनिटं नवरा

उन्मेष सबनीस बडोद्याच्या कारखान्यांत जाऊन लोकांना शिकवतो, की बाबांनो, तुमच्याकडे काय काय वाया जातं ते बघा. वेळ वाया जातो, फेऱ्या वाया जातात, माल पडून राहतो, हात रिकामे बसतात. असे सात प्रकार तो फळ्यावर लिहितो आणि समोरच्या इंजिनिअरांना विचारतो, "बोला, यातलं तुमच्या घरी किती?" लोक हसतात आणि वहीत उतरवून घेतात. माणूस बोलतो झकास. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, चारी भाषा एका वाक्यात फिरवतो आणि कुठे ठेचकाळत नाही. जुन्या बडोद्याच्या गल्लीत, घडियाळी पोळात वाढलेल्याला त्यात काय अवघड!

त्याचा एक ठरलेला विनोदही आहे. पहिल्या तासाला तो सांगतो, की मोजायच्या आधी शब्दाचा अर्थ ठरवून घ्या, नाहीतर घोटाळा होतो. मग गोष्ट. नवी मराठी सून शेजारच्या बेनला म्हणते, "आज यायला नाही जमणार हो, नवरा आहे घरी." बेन म्हणते, "नवरा छो? तो तो आवो ज ने!" म्हणजे, मग तर याच की! कारण गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला. बडोद्यात हा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे, तरी हशा ठरलेला. हशा झाला की उन्मेष बाटली उघडून पाण्याचा घोट घेतो. लोकांना वाटतं, हाही त्या सांगण्यातलाच एक भाग. छे! त्याचा घसा खरोखर कोरडा पडतो. हा विनोद त्याने कुठे उचलला ते त्याला पक्कं माहीत आहे, आणि तिथे हसण्यासारखं काही नव्हतं.

सात वर्षांपूर्वी उन्मेष नंदेसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटीत होता. कपड्यांना लागणारी रंगाची भुकटी बनवायचा तो कारखाना. रोज घरी यायचा तो कानाच्या पाळीमागे निळा नाहीतर पिवळा डाग घेऊन. दोनदा बढतीच्या याद्या लागल्या आणि दोनदा त्याचं नाव नव्हतं. कौमुदी, त्याची बायको, एका शब्दाने बोलायची नाही. पण माहेरच्या कार्यात कुणी "जावईबापू आता कुठल्या हुद्द्यावर?" असं विचारलं, की ती पटकन वाढायला उठायची. ते उठणं उन्मेषला फार टोचायचं.

अशात कंपनीने ग्रीन बेल्टचं शिक्षण काढलं. नाव कराटेच्या पट्ट्याचं असलं तरी प्रमाणपत्र कामात सुधारणा करण्याचं. पाच शनिवार वर्ग आणि वर एक प्रोजेक्ट. शिकवायला उदयसिंहराव नावाचे एक निवृत्त इंजिनिअर यायचे. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला तीन रंगांची पेनं आणि तोंडी एकच वाक्य, "आकडा दाखवा, गोष्टी घरी सांगा." प्रोजेक्टात आकडा हलला तर पट्टा, नाहीतर पाच शनिवार फुकट. वरून कुजबूज अशी, की पट्टा मिळवेल त्याच्याकडे सुधारणेचं नवं खातं जाणार.

उन्मेषने पॅकिंगचं टेबल घेतलं. तिथे सात बायका एक-एक किलोच्या पिशव्या भरायच्या. भरणं, तोलणं, तोंड सील करणं, खोक्यात रचणं, असं सात जणींत वाटलेलं काम. उदयसिंहरावांनी टेबलाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "सातच्या सहा करून दाखव. पट्टा तुझा."

हाताखाली मिताली होती, नुकती कॉलेजातून आलेली. बडोद्याबाहेरची गुजराती मुलगी, मराठीचा गंध नसलेली, कामाला वाघीण, आणि भोळी. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर हिला चैन नसायचं. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ती टेबलापाशी उभी राहायची आणि कोण काय करतं ते मोत्यासारख्या गुजराती अक्षरात लिहायची.

दुसऱ्या दिवशी ती गुजरातीत म्हणाली, "सर, सीलवाळां जिजाबेन दिवसातून तीनदा जातात. तेरा-चौदा मिनिटांनी येतात. बाथरूम त्या बाजूला नाहीच."

जिजाबाई जगताप पन्नाशीच्या. ठसठशीत कुंकू, खोचलेला पदर, चाल अशी की वाटेतला माणूस आपण होऊन बाजूला व्हावा. दुपारी त्या उठल्या तसे हे दोघे मागोमाग गेले. मागच्या शेडमध्ये मालाचे ड्रम भरून ठेवलेले असायचे, आणि तिथे धनाजीराव, म्हणजे जिजाबाईंचा नवरा, ड्रमांवर नंबराची स्टिकरं लावायचे. उन्मेष आणि मिताली पोचले तेव्हा जिजाबाई यादी हातात धरून हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या, आणि धनाजीराव डोळे मिटून ऐकत होते.

"जिजाबेन, अहीं शुं करो छो?" मितालीने विचारलं.

जिजाबाई दचकल्या. मितालीला उत्तर न देता त्यांनी उन्मेषच्या शर्टावरची नावाची पट्टी पाहिली. सबनीस. आणि मराठीत म्हणाल्या, "साहेब, नवरा आहे माझा."

मिताली कागदावर वेळ लिहीत होती. तिने ऐकलेला एक शब्द वेळेच्या पुढे टाकला आणि परत टेबलाकडे गेली, कारण तिथलं मोजमाप चुकत होतं.

ती गेल्यावर जिजाबाई बोलल्या. "तुम्ही आपल्यातले, म्हणून सांगते. ह्यांच्या डोळ्यांचा पडदा साखरेने खाल्लाय. माणूस दिसतो, रस्ता दिसतो, कॅलेंडरावरची तारीख दिसते. पण ह्या यादीतले मुंगीएवढे आकडे नाही दिसत. मी तीनदा येऊन वाचून देते. एकदा वाचलं की ह्यांच्या डोक्यात पक्कं. चोवीस ड्रमांचे चोवीस नंबर, एकामागे एक. स्टिकरं मी ओळीने लावून ठेवते. अकरा वर्षांत एक चूक नाही, बघा हवं तर. पण आम्ही दोघं ठेक्यावरची माणसं, ठेकेदाराला कळलं तर ह्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवेल."

"आणि तुमच्या टेबलाचं?"

"बाकीच्या सांभाळतात ने. मी गेले की हात उचलतात जरा." त्या हसल्या. "सबनीस ना तुम्ही? म्हणजे आमचे पणजे सरकारच्या फौजेत, आणि त्यांची हजेरी लिहिणारे तुमचे पणजे. बघा, अजून तुमच्याच हातात आमची हजेरी!"

उन्मेषही हसला. "काळजी करू नका, कुणाला सांगत नाही," असं म्हणाला आणि त्याने ते मनापासून म्हटलं, हेही खरं. धनाजीरावांनी हात जोडले, जरा चुकीच्या दिशेला.

शेडमधून बाहेर पडता पडता त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. आकडे मोठे छापा. वीतभर यादीऐवजी हातभर यादी, स्टिकरावर बोटभर उंच नंबर. झालं. बाईंना उठायला नको, धनाजीरावांना लपायला नको. यालाच तर सुधारणा म्हणतात! पाच शनिवार हेच तर शिकवलं होतं. आपल्या हुशारीवर तो खूष होऊनच टेबलापाशी आला.

तिथे मितालीचा कागद पडला होता. एकूण एक्केचाळीस मिनिटं, आणि कारणाच्या रकान्यात गुजराती अक्षरांत एक शब्द. नवरा.

मितालीने आदरार्थी रूप लिहिलं होतं, जिजाबेन नवरा, म्हणजे जिजाबेन रिकाम्या असतात. तिला वाटलं, बाईंनी आपण होऊन कबूल केलं. उन्मेषला आधी हसूच फुटलं. तो पेन काढून दुरुस्त करणार, एवढ्यात त्याची नजर खालच्या बेरजेवर गेली. जिजाबाई नसतात त्या एक्केचाळीस मिनिटांत टेबल थांबलं नव्हतं. सहा जणींनी तेवढ्याच पिशव्या काढल्या होत्या. मैत्रिणीसाठी त्या हात उचलत होत्या, आणि कागदावर त्याचा अर्थ एवढाच होत होता, की सहा पुरतात. सातच्या सहा. पट्टा.

पेन त्याच्या हातात किती वेळ होतं कोण जाणे. शेवटी त्याने टोपण लावलं.

मनाशी म्हणाला, दुरुस्त केलं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण दिलं तर धनाजीराव उघडे पडतील. आपण शब्द दिलाय. आपण गप्प बसणं हेच त्यांच्या भल्याचं. वाहवा! स्वतःला फसवायचं तर माणसाने असं फसवावं, पुण्य पदरात पाडून घेऊन! मोठ्या आकड्यांची कल्पना त्याने वहीत लिहिलीसुद्धा नाही. लिहिली असती तर कुणीतरी विचारलं असतं, ही कशी सुचली? मग एक्केचाळीस मिनिटं कुठे जातात ते बाहेर आलं असतं, आणि प्रोजेक्ट आडवा झाला असता.

सादरीकरण दणक्यात झालं. उदयसिंहरावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. खात्याच्या बोर्डावर मोठा तक्ता लागला आणि त्यात सगळ्यात उंच खांबाखाली गुजरातीत लिहिलं होतं, "नवरा, ४१ मिनिटं". येणारेजाणारे वाचत होते. कुणाचं तरी नाव घेऊन कुणीतरी हसत होतं.

कमी झालेली सातवी म्हणजे जिजाबाई. कागदोपत्री कुणाला काढायचं नव्हतंच, दुसरीकडे काम द्यायचं होतं. ठेकेदार म्हणाला, दुसऱ्या कारखान्यात लावून देतो. त्याने काही लावून दिलं नाही. शेवटच्या दिवशी जिजाबाई डबा घेऊन गेटपाशी आल्या तेव्हा उन्मेष तिथेच उभा होता. त्या थांबल्या. म्हणाल्या, "येते साहेब." उन्मेषने त्या क्षणी मोबाइल काढला आणि नसलेला फोन कानाला लावला. "हो, हो, बोला," असं मोठ्याने म्हणालासुद्धा.

चार महिन्यांत ड्रम परत यायला लागले. नंबर एक आणि आत माल दुसरा. एक ट्रक आला, मग दुसरा, मग तिसरा. आता सुधारणेचं नवं खातं उन्मेषकडेच होतं, तेव्हा कारण शोधायचं कामही त्याच्याकडे. पद्धत ठरलेली: पाच वेळा "का" विचारायचं. प्रत्येक उत्तराला पुन्हा का. पाचव्यापाशी खरं मूळ सापडतं म्हणतात.

नंबर का चुकले? स्टिकरं चुकीची लागली. का? लावणाऱ्याला आकडे दिसत नाहीत. का? त्याची नजर गेली आहे. इथवर त्याने भराभर लिहिलं. चौथा प्रश्न आपोआप समोर आला: मग अकरा वर्षं का नाही चुकलं? आणि पाचवा त्याच्या पाठीशीच उभा होता: जी वाचून द्यायची ती आता का नाही? त्याचं उत्तर त्याच्याच सहीने बोर्डावर लागलेलं होतं.

उन्मेषने ते दोन्ही प्रश्न गिळले. त्यांच्या जागी लिहिलं, डोळ्यांची तपासणी का झाली नाही? नियम नव्हता. नियम का नव्हता? कुणाला सुचलं नव्हतं. पाच का भरले. तपासणी झाली, धनाजीराव नापास झाले आणि घरी गेले. महिन्याभराने त्यांच्या जागच्या नव्या माणसानेही दोन ड्रम चुकवले, तेव्हा उन्मेषने सुचवलं, आकडे मोठे छापा. बोटभर उंच. चुका एकदम थांबल्या. त्या सुधारणेला वर्षाचं पहिलं बक्षीस मिळालं. त्या फोटोत सगळे हसताहेत, एकटा उन्मेष खाली पाहतोय. कौमुदीने तो फोटो दिवाणखान्यात लावला. दोन दिवसांनी त्याने काढून कपाटात टाकला. तिने का म्हणून विचारलं तर म्हणाला, "काच तडकलीय." काच धड होती.

पुढे त्याने नोकरी सोडली आणि शिकवायला लागला. कारखान्याच्या गेटातून रोज आत जाणं त्याला जमेना. लोकांना सांगताना मात्र म्हणायचा, "स्वतःचं काहीतरी करावं म्हटलं." आणि तो विनोद सांगायला लागला. का? माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. दुखरा दात असतो ना, जीभ सारखी तिथेच जाते. लोक हसले की त्याला घटकाभर वाटायचं, खरंच विनोदच होता तो, एका शब्दाचा घोटाळा, कुणाचा दोष नाही त्यात. मग घसा कोरडा पडायचा.

या जानेवारीत, उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, मितालीचा फोन आला. तिचं लग्न झालं होतं, तेही मराठी घरात, शुभंकर नावाच्या मुलाशी. सासूबाई तिला मराठी शिकवत होत्या.

"सर, एक विचारू?" आवाज रडका. "काल सासूबाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या, 'हिचा नवरा बँकेत आहे.' मी हसले. म्हटलं, नोकरीत आहेत आणि नवरा कसे? मग त्यांनी अर्थ सांगितला. सर, मला रात्रभर जिजाबेन आठवत होत्या. त्या शेडमध्ये त्या 'नवरा' म्हणाल्या होत्या. सामे धनाजीकाका उभे होते. त्या रिकाम्या नव्हत्या सर! त्या सांगत होत्या, हा माझा नवरा आहे. आणि मी... मी लिहिलं सर. माझ्या हाताने लिहिलं. माझ्यामुळे त्यांची नोकरी गेली."

उन्मेष खुर्चीतून उठून उभा राहिला.

"तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं ना सर?" मितालीने विचारलं. "तुम्ही तर मराठी."

आता तरी खरं सांगायचं! पण नाही. तो म्हणाला, "जुनी गोष्ट आहे मिताली. सोड."

"नाही सर. मी ठेकेदाराकडून पत्ता काढलाय. प्रतापनगरला राहतात, रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या चाळीत. रविवारी जाऊन मी पाय धरणार आहे त्यांचे."

फोन ठेवल्यावर उन्मेष तसाच उभा होता. आपला गुन्हा दुसऱ्याच्या डोक्यावर बसलाय, आणि ती पोर तो घेऊन पाय धरायला निघालीय! सात वर्षं तो स्वतःच्या नजरेत पडत आला होता. पण इतका खाली? त्याने तिला परत फोन केला. "रविवारी जाऊ नकोस," तो म्हणाला. "चूक तुझी नाही. मला कळलं होतं. त्याच दिवशी. मी कागद पाहिला आणि गप्प बसलो." मितालीने नुसतं "सारुं, सर", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हटलं आणि फोन बंद केला. पुन्हा तिने त्याला फोन केला नाही.

शनिवारी सकाळी तो प्रतापनगरला गेला. रेल्वेच्या वर्कशॉपकडे जाणाऱ्या सायकली आणि स्कूटरी चुकवत, विचारत विचारत चाळ सापडली. ओट्यावर धनाजीराव बसले होते, पांढरी दाढी वाढलेली, नजर समोरच्या भिंतीवर. उन्मेष चोरासारखा त्यांच्या बाजूने आत गेला.

जिजाबाई पोळ्या लाटत होत्या. रेल्वे क्वार्टर्समधल्या पंधरा-वीस घरांना त्या पोळ्या देतात. एका हाताने लाटणं, दुसऱ्याने तव्यावरची पोळी उलटणं, मध्ये मान वळवून बाहेर विचारणं, "अहो, सव्वीस नंबरच्या किती?" आणि बाहेरून लगेच उत्तर, "अकरा. आणि चौदा नंबरला आज नकोत, गावाला गेलेत." वही नाही, कागद नाही. उन्मेषच्या डोळ्यांनी सवयीने मोजलंच, एका पोळीला बावीस सेकंद, आणि त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"कोण?" त्यांनी वर पाहिलं. ओळखलं. लाटणं थांबलं नाही. "बसा साहेब."

तो बसला नाही. उभ्यानेच, एका दमात त्याने सगळं सांगितलं. कागद, पेन, टोपण, तक्ता. मितालीला कळलं नव्हतं आणि मला कळलं होतं. मी एका शब्दाने दुरुस्त करू शकत होतो. केलं नाही.

जिजाबाईंनी तव्यावरची पोळी फुगू दिली, उतरवली, तूप लावलं.

"मी गुजराती शाळेत शिकलेय साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय ते मी पहिल्याच दिवशी वाचलं. दोन्ही अर्थांनी वाचलं. बायका मला म्हणायच्या, जिजा, जाऊन सांग ने, तू रिकामी नव्हतीस. मी नाही गेले. सांगितलं असतं तर ह्यांचं काम गेलं असतं. मी ह्यांच्यासाठी गप्प बसले." त्यांनी नवा गोळा घेतला. "तुम्ही कुणासाठी बसलात?"

उन्मेषने सात वर्षं तयार ठेवलेली सगळी उत्तरं सोडून दिली.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

"हं," जिजाबाई म्हणाल्या. "मग मला कशाला सांगायला आलात? मला ठाऊकच होतं. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?" पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "बाहेर ओट्यावर बसलेत ना, त्यांना जाऊन सांगा. सात वर्षं तो माणूस मला दिवसातून एकदा तरी म्हणतो, माझ्या डोळ्यांपायी तुझं काम गेलं जिजा. मी किती समजावलं, ऐकत नाहीत. त्यांना वाटतं, मी त्यांचं मन राखायला बोलते. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील. तुम्ही साहेब."

उन्मेष बाहेर आला. चार पावलं होती ती, तो उंबऱ्यातच थबकला. इतक्यात धनाजीरावांनीच मान वळवली.

"कोण?"

"सबनीस. नंदेसरीचा."

"अरे! साहेब!" म्हातारा गडबडून उठायला लागला. हात जोडले, या वेळीही जरा चुकीच्या बाजूला. "तुम्ही आलात? मला केव्हाचं तुमच्याकडे यायचं होतं हो. माझ्यापायी तुमच्या कंपनीचे तीन ट्रक परत आले. तुम्ही आमची गोष्ट पोटात ठेवलीत, आणि मी तुम्हालाच तोंडघशी पाडलं. माफी मागायची राहून गेली."

उन्मेषला वाटलं, ओटा दुभंगावा आणि आपण आत जावं. आत पोळ्यांचा आवाज थांबला होता. जिजाबाई ऐकत होत्या.

"धनाजीराव," तो म्हणाला, "तुमच्या डोळ्यांमुळे काही झालं नाही. त्या दिवशी तुमच्या शेडमधून बाहेर पडतानाच माझ्या डोक्यात आलं होतं, की आकडे मोठे छापले तर तुम्हाला दिसतील. बोटभर मोठे. नंतर तेच केलं. तुम्ही गेल्यावर. एक चूक झाली नाही त्यानंतर. तेव्हाच केलं असतं, तर जिजाबाईंना उठून यावंच लागलं नसतं. तुम्ही दोघंही आज कामावर असता."

धनाजीराव ऐकत होते, त्या दिवशी नंबर ऐकत होते तसे डोळे मिटून. एकही शब्द त्यांच्याकडून सुटला नसणार. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं,

"मग का नाही केलं?"

वर्गात रोज विचारायचा तो प्रश्न. उन्मेषने एवढंच म्हटलं, "मला पट्टा हवा होता. सातच्या सहा झाल्या तरच मिळणार होता. जिजाबाई काम करतात हे मला माहीत होतं, आणि मी त्या रिकाम्या आहेत असं राहू दिलं."

चाळीतली कुणीतरी बाई डबा मागायला आली आणि या दोघांकडे पाहून परत गेली. मग धनाजीरावांनी आतल्या दिशेला तोंड करून हाक मारली.

"अगं जिजा! ऐकलंस का? माझ्या डोळ्यांमुळे नव्हतं गं."

"ऐकलं," आतून आवाज आला, भरलेला. "मी सांगत नव्हते?"

"माझ्या डोळ्यांमुळे नव्हतं," ते पुन्हा म्हणाले. या वेळी स्वतःशीच. उपरण्याने त्यांनी डोळे पुसले, दोन्ही, नीट, आणि मग पुन्हा पुसले. उन्मेषवर ते रागावलेही नाहीत आणि माफ केलं असंही म्हणाले नाहीत. तो तिथे उभा आहे हे ते विसरूनच गेले असावेत.

आत लाटणं पुन्हा सुरू झालं. "अहो," जिजाबाईंनी विचारलं, "एकवीस नंबरच्या किती?"

"पंधरा," धनाजीराव म्हणाले.

उन्मेष ओट्याच्या पायरीवर उभा होता. त्याला बसा कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.